दमणीतून देऊळगाव दर्शन

देऊळगाव राजा हे मोठं शहर आहे, असं मी लग्नाच्या बोलणीत सासूबाईंना सांगितलं होतं. (बोलणी पुण्यात चालली होती, आणि देऊळगाव पुण्यातून दिसत नाही!) मी पत्त्यांना हात लावत नाही, असंही सांगितलं होतं. त्यांच्या सख्ख्या भावानं पत्त्यांपायी चांगली नोकरी घालवली होती. म्हणून मुलगी देताना त्यांची तेवढी एकच अट होती.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, माझं लग्नही. सासूबाई लेकीचा संसार पाहायला देऊळगावजवळच्या आमच्या खेड्यावर आल्या, चार दिवस राहिल्या आणि शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "ते तुमचं शहर तरी दाखवा." दुपारी देऊळगावहून त्यांची जालन्याची एस.टी. होती. त्याआधी बालाजीचं दर्शन आणि शहर, दोन्ही उरकायचं होतं.

मुंबईत मी एकदा शहर दाखवणारी बस पाहिली होती. हवं तिथं उतरायचं, पाहायचं, पुन्हा चढायचं. आमची दमणी, म्हणजे माणसं बसायची छोटी बैलगाडी, तीही तशीच चालेल, असं मी जाहीर केलं. गादी टाकली, सासूबाई आणि बायको कुसुम मागं बसल्या, मी कासरा धरला. शेठ आणि मुनीम हे आमचे बैल. दर बाजाराला आमची वांगी-मिरची तेच देऊळगावला नेत, कधी वडलांबरोबर, कधी माझ्याबरोबर. त्यांना काही विचारावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गावात शिरल्यावर मी बालाजीकडं वळवायला कासरा ओढला. बैल उलट्या गल्लीत शिरले आणि एका दारापाशी थांबले. वडील बाजाराच्या दिवशी पहिला चहा तिथं घेत. ते माझ्या आत्याचं घर!

"हे कोणतं ठिकाण?" सासूबाईंनी विचारलं.

"जुनी वस्ती," मी म्हणालो.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. "अवं माय, येईनबाई! दारातून काऊन जाता? ओटी भरल्याशिवाय म्या नाही जाऊ देत." नारळ, खण, तांदूळ, चहा. अर्धा तास गेला.

पुढचा थांबा पेंडीच्या दुकानाचा. (याला मी 'व्यापारपेठ' म्हणालो.) दुकानदारीणबाईंनी ओटी भरली. मग लोहार. लोहाराच्या घरीही विहीणबाई पहिल्यांदा आलेल्या, मग ओटी कशी चुकेल? तीन चहा आणि तीन नारळ झाले, तरी बालाजीचा कळससुद्धा दिसेना. मी हातानं हाकलं, तोंडानं हाकलं, शेपट्या पिरगाळल्या. शेठनं एकदा मागं वळून पाहिलं, इतकंच. सासूबाईंनी नारळ पायांनी अडवून धरले होते. एस.टी.ची वेळ त्या दर पाच मिनिटांनी विचारत होत्या.

एवढ्यात बैल आपणहून जोरात चालायला लागले. मला हायसं वाटलं. मग तेलघाण्यामागचं लिंबाचं झाड दिसलं आणि मी कासरा जीव खाऊन मागं ओढला. या थांब्यावर वडील कधीच आले नव्हते.

लिंबाखाली सतरंजी होती. सतरंजीवर तिघं बसले होते. त्यातला एक सरकून जागा करत म्हणाला, "या भाऊ, बसा. मंगळवारपासून डाव अडून राह्यला ना. पत्त्यांचा कॅट तर तुमच्याच खिशात गेला."

कुसुमला मी सांगत आलो होतो की बाजारात वजनाला नंबर लागतो, म्हणून घरी यायला संध्याकाळ होते. तिनं शांतपणे विचारलं, "अहो, वजन इथंच होतं का?"

सासूबाई दमणीतून उतरल्या. झाड, सतरंजी आणि माझा खिसा त्यांनी नीट पाहून घेतला. "आणि हे कोणतं ठिकाण, जावईबापू?"

मी खिशातून कॅट काढून त्यांच्या हातात दिला. लाज वाटली, खरंच वाटली. त्या लेकीला घेऊन पायीच बालाजीला गेल्या आणि दर्शन घेऊन एस.टी.लाही वेळेवर पोचल्या. पायरीवर चढताना कुसुमला म्हणाल्या, "शहर बरं आहे हो. आणि बैल फार प्रामाणिक आहेत. यांना कुठं पाठवायचं तर बैलांबरोबरच पाठव."

मी त्याच दिवशी पत्ते सोडले. बैलांनी मात्र सोडले नाहीत. दर बाजाराला ते लिंबाखाली जाऊन थांबत, आणि मागं बसलेली कुसुम त्यांच्यावर विश्वास ठेवी, माझ्यावर नाही!