आधी मले टोचा

माझ्या मामेसासऱ्यांचा या जगात कशावरही विश्वास नाही. नागपूरच्या उन्हावर तेवढा आहे, आणि तोही मे महिन्यापुरताच. नवऱ्याच्या या मामांनी अख्खी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात मीटरचे काटे वाचण्यात घालवली. एक काटा बरोबर जागी दिसला, की ते दुसऱ्या काट्याकडे जाऊन त्याची साक्ष काढत. निवृत्त होऊन नागपुरात घर बांधलं, तरी ती सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याचा तराजू खोटा, म्हणून पिशवीत स्वतःचा ताणकाटा. आणि तोही फितूर झाला असेल तर, म्हणून घरी आल्यावर भाजीची पुन्हा मोजणी. गॅसचं सिलिंडर आलं की दोन्ही हातांनी हलवून त्याला कान लावतात. काय ऐकू येतं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. कुणी हसतमुखानं फाटकाशी आलं, तर कडी काढण्याआधी विचारतात, “एवढा हासून काहून राहिला गा?” माझ्या लग्नात त्यांनी आमच्याकडची जिलबी पांढऱ्या रुमालावर घासून तिचा रंग तपासला होता. पिवळा झालेला रुमाल माझ्या वडिलांना नेऊन दाखवला, आणि मग तीच जिलबी मागून मागून खाल्ली.

मामी याच्या अगदी उलट. त्यांना सगळंच खरं वाटतं. त्यांना जुना दमा आहे, म्हणून गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही फ्लूची लस घ्यायला सांगितलं. मामांनी विचारलं, “दरसाल नवी काहून लागते? पहिली चांगली असती तं दुसरी लागली असती का?” फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, असं बाईंनी समजावलं. “मंग यंदा तो कोण्या रूपात येऊन राहिला, हे तुमाले कोणं सांगतलं?” यावर बाई हसल्या, आणि तिथंच सगळं बिनसलं. “जवाब नसला का माणूस हासते,” असं म्हणून मामा मामींना घेऊन, लस न घेताच परत आले.

त्याच हिवाळ्यात मामींना फ्लू झाला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. मी डबा घेऊन जायचे तेव्हा मामा बाहेरच्या बाकावर बसलेले असत. नर्स ज्या चिठ्ठ्या हातात देई, त्या घेऊन मुकाट्यानं औषधं आणत. औषधाची तारीखसुद्धा बघत नसत. त्यांचं ते गुपचूप बसणं मला मामींच्या दुखण्याइतकंच भीतीदायक वाटायचं. मामी घरी परत आल्या, पण बऱ्याच वाळून.

यंदा दिवाळी सरली आणि मामांचाच फोन आला. “सूनबाई, लसीले जाऊन राहिलो. तू संगं चाल.”

“पटलं म्हणता शेवटी?”

“पटलं कुठी? लसीवर माहा भरोसा नाहीच. पण मांगच्या साली मी नाही म्हटलं आन् तुही मामी जाता जाता राहिली. आता माह्यावरही भरोसा नाही राहिला.”

दवाखान्यात मात्र मामा मूळ रूपात होते. लसीची कुपी उजेडात धरून पाहिली. लाइन गेल्यावर फ्रिजचं काय होतं, ते विचारलं. डॉक्टरीणबाईंनी, यावेळी न हसता, सगळं सांगितलं. मग मामांनी बाही वर केली आणि म्हणाले, “आधी मले टोचा. हिले आज नाही. माह्यावर काय होते ते पाहू, मंग हिले.”

“काका, दोघांनाही आजच देता येते. आणि तुम्हाला जे होईल तेच काकूंना होईल, असं नसतं.”

“ते तुमच्या पुस्तकात असन. मी हिले आंधळ्यावानी पुढं नाही धाडत.”

मामी खुर्चीतून म्हणाल्या, “ऐका वं बाई यायचं म्हणणं. नाही तं मांगच्यासारखे दोघंही तसेच वापस जाऊ.”

लस घेऊन मामा घरी आले आणि ताप यायची वाट बघत बसले. संध्याकाळी त्यांचा फोन. “सूनबाई, त्याच्यात पाणी होतं.” बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात लस घेतल्यावर दुखले, एकाला तर कणकण आली, मग यांनाच काही होत नाही म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर स्वारी चपला घालून जाब विचारायला निघालेली. उंबऱ्यातच त्यांना हुडहुडी भरली. मामींनी थर्मामीटर लावला. बारीक ताप होता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही मामांचा चेहरा इतका उजळला नव्हता. “आला वं! माल खरा आहे!” पांघरूण घेऊन ते समाधानानं पडून राहिले, आणि अधूनमधून दंड दाबून तो दुखतोय ना, याची खात्री करत राहिले. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, तर तो इतक्या लवकर कसा उतरला, हा नवा संशय.

त्यानंतर मामींना लस दिली. ताप आला नाही, पण हात चांगलाच दुखला. मामी डावखुऱ्या, आणि लस डाव्याच दंडात दिलेली. एवढ्या चौकशा करणाऱ्या मामांना हे मात्र सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मामी अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मागे मामा फणी घेऊन उभे होते, आणि प्रत्येक वेळी फणी फिरवली की विचारत होते, “दुखते का?”

“हात दुखते हो, डोकं नाही,” मामी म्हणाल्या. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. “ये वं बाई. यायले सकाळपासून एक वेणी नाही जमून राहिली.”

मी फणी घेतली. गेल्या हिवाळ्यातल्या दुखण्यात मामींचे केस फार गेले होते. तीन पेड करायला घेतले तर हाताला काही लागेनाच. मामा बाजूला उभे राहून माझ्या बोटांकडे बघत होते. आता माझ्या वेणी घालण्यातही काहीतरी खोट काढणार, असं मला वाटलं.

“पहिले हे माह्या मुठीत मावत नव्हते,” ते म्हणाले.

“मंग आता मावतेत ना,” मामी डोळे मिटूनच म्हणाल्या.

मी वेणीचा नाद सोडून अंबाडा वळला, आणि मामांनी ओंजळीत धरलेले आकडे एकेक करून माझ्या हातात दिले.