सुट्टीसुद्धा चोरणारा

समोरच्या हॉटेलवाल्यावर मी पहिल्यांदा हात उचलला तो झाऱ्यासकट. तो आपल्या भट्टीपुढं उभा राहून भज्जी ढवळायलता. पाठ माझ्याकडं होती, आणि पाठीमागून हाणायचं नसतं एवढी अक्कल मला त्या दुपारी नव्हती. लोखंडी झारा खांद्यावर बसला तसा तो वाकला. "कामून मारायलाव?" एवढंच त्यानं विचारलं. मी परत हाणला, तेव्हा त्यानं माझी गचांडी धरली आणि मला त्याच्याच टेबलावर आपटलं.

हुमनाबादच्या हायवेला, लॉऱ्या थांबतात तिथं, आमची खानावळ आहे. गल्ल्यावर मी, चुलीवर अव्वा. अव्वा म्हणजे माझी आई, आमच्यात आईला असंच म्हणतात. अप्पा गेल्यापासून खानावळ तिनंच चालवली. मी नुसता बसून होतो, हे आता कबूल करायला काय जातंय.

इकडं येळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, गाजर, रानात असेल ते सगळं बेसनात शिजवून भज्जी करतात आणि तिच्यासोबत भाकर आणि आंबील. वर्षातून एकदा. अव्वानं ती बाराही महिने करायला घेतली, ओले दाणे नसले की वाळलेले भिजवून. लोक म्हणाले, सणाचं खाणं कुठं विकत्यात व्हय? आणि तेच लोक आठवड्याभरात पाट मांडून बसले. पुण्याहून हैदराबादला जाणारे ड्रायव्हर आमच्याकडं थांबायचे ते भज्जीसाठी. बाकीचं काय, कुठंही मिळतं.

मग उन्हाळ्यात यानं रस्त्याच्या पलीकडं हॉटेल उघडलं. माणूस तेलंगणातल्या जहिराबादकडचा, पण मराठी बरी बोलायचा. आमच्या बोर्डाचा मोबाईलवर फोटो काढून त्यानं तस्साच फ्लेक्स छापून आणला. ओळ अन् ओळ तीच. सगळ्यात वर येळवसची भज्जी, आणि सगळ्यात खाली आम्ही लिहिलेलं 'येळ अमावस्येला बंद', तेसुद्धा. अरे बाबा, तुझ्या गावात येळवस असती का? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे लै बघितले, पण सुट्टीसुद्धा चोरणारा हा पहिलाच.

ओळखीच्या ड्रायव्हरला पाठवून मी त्याचं पार्सल आणवलं. एक घास खाल्ला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नक्कल बिघडलेली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ती बिघडलेली नव्हती. ती अव्वाचीच होती, आंबटपणासकट. भज्जी गेली तर आमच्या खानावळीत राहतंय काय?

अव्वा म्हणाली, "करू दे की. दोन चुली जळल्या म्हणून काय बिघडलं? थांब, ऐक तर माझं." मी थांबलो न्हाई. झारा घेतला आणि निघालो.

टेबलावर पडल्या पडल्या मी त्याच्या पोटात लाथ घातली. तो कोलमडला. मी फ्लेक्स ओढून फाडला, काचेची बरणी फोडली. त्यानं बांबू उचलून माझ्या गुडघ्यावर हाणला, मी झाऱ्यानं त्याचं तोंड फोडलं. लोक उभं राहून मोबाईलवर काढायले होते. रक्त थुंकत तो म्हणाला, "तुमच्या अव्वानंच शिकवलं मला, शेतात बसवून. विचारा जाऊन."

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणून मी त्याच खांद्यावर आणखी दोन घातले. खरं सांगतो, मारायला मला बरं वाटायलं होतं. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मी काहीच केलं नव्हतं, आणि आता एकदाचं काहीतरी करायलो होतो.

मग मला त्याचं पातेलं दिसलं. भट्टीवर रटरटायलं होतं. मी त्याला लाथ घातली. अव्वा रस्ता ओलांडून आलेली मला दिसलीच न्हाई. मला धरायला तिनं उजवा हात पुढं केला होता, आणि सगळी भज्जी त्या हातावर गेली. ती पाण्यासारखी वाहून जात न्हाई. बेसन असतंय, चिकटून बसतं. अव्वा खाली बसली आणि हाताकडं बघत राहिली.

पाणी त्यानं ओतलं. गाडी त्यानं काढली. मलाही दंडाला धरून त्यानंच आत बसवलं. दवाखान्यात नर्स बोलली तेव्हा कळलं की झारा अजून माझ्या हातात आहे.

तिसऱ्या दिवशी अव्वा बोलली. मागच्या येळवसला निर्णा गावातल्या आमच्या शेताजवळून एकजण बंद पडलेली मोटरसायकल ढकलत चालला होता. सकाळपासून उपाशी, कारण त्या दिवशी इकडं एकही हॉटेल उघडं नसतं. येळवसला वाटसरूला हाक मारून जेवू घालायचं, ही आमची रीत. अव्वानं हाक मारली. मी तेव्हा बोरीखाली झोपलो होतो. त्यानं तीनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "अव्वा, हे कसं करताव?" बेसन आदल्या दिवशी ताकात भिजवायचं, इथपासून तिनं सगळं सांगितलं.

"सणादिवशी विचारलेलं कुणी लपवतंय व्हय?" ती म्हणाली. "आणि एवढ्या वर्षांत दुसरं कुणी विचारलं? तू कधी विचारलास?"

मी विचारलं नव्हतं.

हाताची जखम भरून आली, पण बोटं एकमेकांना चिकटून आखडली. अव्वा शेजारी बसून सांगायची, माझी बायको करायची, पण जमायचं न्हाई. अव्वाचं सगळं माप मुठीचं, आणि आता मूठ वळत नव्हती. गिऱ्हाईक एक घास खायचं आणि रस्ता ओलांडायचं.

येळवस आली. दोन्ही हॉटेलं बंद. अव्वा म्हणाली, "जा, त्याला हाक मार." मी गेलो. दारात उभा राहून "चला शेतात" म्हणालो, माफीचा शब्द काही तोंडातून निघाला न्हाई. तो आला. त्याचा एक हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

शेतातल्या चुलीवर त्यानं भज्जी टाकली. मुठीत मीठ घेऊन त्यानं अव्वापुढं धरलं. तिनं डाव्या हातानं त्याची मूठ उघडली, थोडं मीठ काढून टाकलं आणि मूठ पुन्हा मिटली.

उजव्या हातानं तिला जेवता येत न्हाई, आणि सणाला डाव्या हातानं ती जेवत न्हाई. म्हणून मी भरवायला बसलो. तिनं घास चावला, डोळे मिटले. "झाली," ती त्याला म्हणाली. "आता मी मेले तरी चालतंय."

तो रडायला लागला. मला रडता येईना, माझ्या हातात तिचा पुढचा घास होता.