‘आईचं काय?’ असे विचारत राहिलेल्या शरयूबाई

डॉ. शरयू धुरंधर यांची आणि माझी पहिली भेट लालबागला आमच्या खोलीतल्या मोरीपाशी झाली. मोरीत माझ्या थोरल्या भावाला, प्रकाशदादाला, शेवटची अंघोळ घालायची होती. अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी का, याचा मी पुष्कळ विचार केला. पण बाईंविषयी खरे लिहायचे तर मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

संप झाला तेव्हा दादा नुकताच गिरणीत लागला होता. बाबाही त्याच गिरणीत, विणाई खात्यात. संप विरत गेला, पण त्या दोघांना कोणी परत बोलावले नाही. बाबा दादरला एका इमारतीवर वॉचमन म्हणून राहिले. दादा आधी ट्रकवर क्लीनर झाला, पुढे ट्रक चालवू लागला. महिना महिना तो गुजरातकडे असे. त्याचे लग्न उशिरा झाले. विमलवहिनी वरळीच्या बीडीडी चाळीतली, बोलकी, हसरी. लग्नाला काही वर्षे झाली आणि दादाला ताप येऊ लागला. तो वाळत गेला. परळच्या रुग्णालयात त्याला दाखल केले, तेव्हा व्हरांड्यात उभ्या असलेल्या एका तरुण डॉक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आम्हांला आजाराचे नाव सांगितले. त्यानंतर आमच्याकडे येणारी माणसे येईनाशी झाली. दादाही फार दिवस राहिला नाही.

प्रेत प्लास्टिकमध्ये बांधून मिळाले. उघडू नका, सरळ स्मशानात न्या, असे वॉर्डातून सांगण्यात आले होते. आईने ते ऐकले नाही. अंघोळ घातल्याशिवाय माझे पोर दाराबाहेर जाणार नाही, असे ती म्हणाली आणि उंबऱ्यात बसून राहिली. बाबा पुन्हा रुग्णालयात गेले. तिथे ते वॉर्डातल्या लोकांशी हात जोडून बोलत होते, ते राऊंडवर आलेल्या शरयूबाईंनी ऐकले. बाई त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसून आमच्या चाळीत आल्या.

गॅलरीत माणसे उभी होती, आत कोणी नव्हते. बाईंनी पदर खोचला, हातमोजे चढवले, दुसरी जोडी बाबांना दिली. काय करायचे, काय टाळायचे, ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. त्या बाबांशी बोलत होत्या, पण आवाज गॅलरीतल्या लोकांना ऐकू जाईल इतका मोठा होता. मग त्या दोघांनी मिळून दादाला अंघोळ घातली. बाबा भराभर पाणी ओतू लागले. बाई मध्येच म्हणाल्या, “सावकाश करा. आपल्याला घाई नाही.” ते वाक्य आजही माझ्या कानांत आहे. पाणी ओतून होत आले तेव्हा बाबांचे गिरणीतले सोबती रमाकांतकाका आत आले आणि त्यांनी बाबांच्या हातातला पंचा घेतला. त्यांच्यामागून आणखी माणसे आली. त्रिशरण झाले तेव्हा बाई भिंतीशी हात जोडून उभ्या होत्या.

निघताना त्या वहिनीपाशी थांबल्या. वहिनीला पाचवा महिना होता. तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला सोमवारी ओपीडीत यायला सांगितले.

वहिनीबरोबर मी जाऊ लागले. मी समाजकार्याची पदवी घेऊन नोकरी शोधत होते. काही आठवड्यांनी बाईंनी मला विचारले, “उज्ज्वला, माझ्याकडे काम करशील? पगार बेताचा आहे आणि काम दुःखाचं आहे.” बाई निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होते. म्हणून हा लेख लिहिण्याचा मान माझ्याकडे आला असावा.

बाई मूळच्या गिरगावातल्या. संपाच्या सुमारास त्या परळच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिव्याख्यात्या झाल्या. तेव्हा वॉर्डात क्षयाचे गिरणी कामगार भरलेले असत. बाई औषध देत, माणूस घरी जाई आणि घरी खायला नसल्याने पुन्हा येई. त्या दिवसांविषयी त्या क्वचितच बोलत. पण चांगले औषध लिहून दिले म्हणजे आपले काम संपले, हा समज आपला तेव्हाच मोडला, असे त्यांनी एकदा मला सांगितले होते. पुढे हा नवा आजार त्याच चाळींत, त्याच घरांत शिरला, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना तो परका वाटला. बाईंना तो ओळखीचा वाटला.

वहिनीच्या रक्तात दादाच्याच आजाराचा विषाणू सापडला. त्या काळी आमच्या विभागात परदेशी निधीवर एक अभ्यास सुरू होता. गरोदर बाईला औषध दिले तर बाळाला लागण होणे पुष्कळ अंशी टाळता येते का, हे त्यातून पाहायचे होते. बाई त्या अभ्यासाच्या प्रमुख होत्या. वहिनीचे नाव त्यात घातले गेले. मुलगी झाली. ती दीड वर्षाची होऊन तिची शेवटची तपासणी झाली आणि ती निरोगी असल्याचे कळले, त्या दिवशी आई कित्येक महिन्यांनी हसली.

औषध मात्र बाळासाठी होते. बाळंतपण झाले की आईचा अभ्यासाशी संबंध संपे. तिला जगवणारी औषधे जगात निघालेली होती, पण ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हती आणि अभ्यासाच्या आराखड्यात बसत नव्हती. बाईंनी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीच्या बैठकीत विचारले, “आणि आईचं काय?” तो या अभ्यासाचा प्रश्न नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्या बैठकीत त्यांनी तेच विचारले. त्याच्या पुढच्या बैठकीतही. काही सदस्य बाईंनी तोंड उघडायच्या आत घड्याळाकडे पाहू लागत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

अखेर एके दिवशी बाई ओपीडीच्या खोलीत मला म्हणाल्या, की आता आपण यातून बाहेर पडणार. वाचवता येईल अशा बाईला मरायला सोडून तिच्याकडून संशोधनासाठी रक्त घ्यायचे, हे आपल्याच्याने होणार नाही. वहिनी मुलीला मांडीवर घेऊन समोर बाकावर बसली होती. तिने सगळे ऐकले.

“बाई, माझी पोर सुटली ना?” तिने विचारले.

बाईंनी मान डोलावली.

“मग दुसरीची का अडवताय?”

“आणि तू?” बाई म्हणाल्या.

“माझ्यासाठी भांडत राहा. पण हे दार लावू नका.”

बाई खिडकीकडे वळल्या. मग त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलवायला सांगितले.

त्या अभ्यासात राहिल्या. बाहेर पडणे त्यांना सोपे गेले असते, असे मला नेहमी वाटते. येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला त्या स्वतः समोर बसवून सांगत, की हे औषध तुझ्या बाळासाठी आहे, तुझ्यासाठी आमच्याकडे अजून काही नाही. हे वाक्य सांगायचे काम त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलले नाही. अभ्यासाचा निबंध छापायला निघाला तेव्हा, यात सहभागी झालेल्या मातांना स्वतःसाठी उपचार मिळाले नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिले जावे, असा त्यांनी हट्ट धरला. सहलेखक नाराज झाले. वाक्य राहिले, पण शेवटच्या परिच्छेदात गेले. विभागप्रमुखपद रिकामे झाले तेव्हा ते दुसऱ्यांकडे गेले. बाईंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. नव्या प्रमुखांना त्यांनी स्वतः जाऊन शुभेच्छा दिल्या.

वहिनीला क्षय झाला आणि तिची तब्येत ढासळत गेली. मुलगी बालवाडीत जाऊ लागली होती. शेवटच्या दिवसांत बाई रोज दुपारी वहिनीच्या खाटेजवळ येऊन बसत. एका सकाळी वहिनी गेली. तिलाही आम्ही घरी आणून अंघोळ घातली. या वेळी शेजारच्या बायका आपणहून आत आल्या. बाई आल्या, पण त्यांना काही करावे लागले नाही. त्या आईजवळ जमिनीवर बसून राहिल्या.

त्यानंतर काही काळाने जगवणारी ती औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळू लागली. आमच्याकडे वाटप सुरू झाले त्या दिवशी टेबलावर फुले होती, फोटो निघत होते. बाई कुठे दिसेनात. शोधत गेले तर त्या स्त्रियांच्या वॉर्डात एका रिकाम्या खाटेवर बसलेल्या होत्या. वहिनी शेवटच्या दिवसांत त्याच खाटेवर होती. मला पाहून त्या म्हणाल्या, “ज्यांनी आज रांगेत उभं राहायचं, त्या कुठे आहेत गं?” मी त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, खाली आल्या आणि रुग्ण तपासायला बसल्या.

बाईंची शिकवण्याची रीत त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी या ग्रंथात सांगितली असेल. मी एकच सांगते. नितीन नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता, आज तो स्वतः प्राध्यापक आहे. त्याने एका सादरीकरणात उपचार अर्धवट सोडून गेलेल्या बायकांना ‘निष्काळजी’ म्हटले. बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला माझ्याबरोबर त्या बायकांच्या घरी पाठवले. घरे जागेवर नव्हतीच. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठत होते, चाळीतल्या खोल्या विकून माणसे विरारला, डोंबिवलीला, कल्याणच्याही पुढे गेली होती. एक बाई सापडली ती नालासोपाऱ्याला. तपासणीला यायचे तर तिची दिवसाची मजुरी बुडत होती आणि मालकिणीला कारण सांगता येत नव्हते. नितीनने परत येऊन ते सांगितले. बाईंनी त्यानंतर रविवारी सकाळीही ओपीडी सुरू केली आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक रविवारी त्या स्वतः तिथे बसल्या. नितीनने तो शब्द आपल्या प्रबंधातून काढला.

ओपीडीच्या दारावर आजाराच्या नावाची मोठी पाटी होती. वरळी कोळीवाड्यातली एक मासळी विकणारी बाई त्या पाटीखाली बसायला तयार होईना, कारण तिची गिऱ्हाइके त्याच व्हरांड्यातून ये-जा करीत. दुसऱ्या दिवशी बाईंनी पाटी काढून घेतली आणि दारावर नुसता खोलीचा क्रमांक ठेवला. वरून विचारणा झाली तेव्हा, ज्यांना यायचे आहे त्यांना क्रमांक पुरतो, एवढेच त्या म्हणाल्या.

या ग्रंथासाठी संमती मागायला आम्ही गिरगावात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या प्रथम नको म्हणाल्या. ज्यांनी माझ्याविषयी बोलावे अशी माणसे राहिलीत कुठे, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे आहे. आमच्याबरोबर चाळीचाळींतून फिरणारे, स्वतः विषाणू घेऊन जगणारे कार्यकर्ते बहुतेक सगळे गेले. त्यांनी या पानांत लिहायला हवे होते. त्यांच्यापुढे माझे लिहिणे अपुरे आहे, हे मी जाणून आहे.

मागच्या महिन्यात मी माझ्या भाचीला घेऊन बाईंकडे गेले होते. तिचे नाव मी इथे लिहीत नाही आणि माझ्यासकट घरच्यांची नावेही बदलून लिहिली आहेत. सासरी सगळ्यांना सगळे ठाऊक नाही आणि तिने तशी विनंती केली आहे. इतकी वर्षे झाली तरी ही विनंती करावी लागते, याचे बाईंना वाईट वाटते, पण ती मोडू नये, असे त्यांनीच मला बजावले.

बाईंना आता कमी दिसते. गुडघ्यांमुळे जिना उतरणे होत नाही. भाची त्यांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिचा चेहरा हातांनी चाचपला आणि तिचा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, “तुझ्या आईला मी औषध देऊ शकले नाही. ते तुला माझ्या तोंडून सांगायचं होतं.”

भाचीने आपला हात तसाच राहू दिला. “मला आई आठवत नाही,” ती म्हणाली. “घरी तिचा विषय निघाला की सगळे रडतात, म्हणून मी विचारत नाही. तुम्ही सांगाल? ती कशी होती?”

बाई सांगू लागल्या. वहिनी वॉर्डात बाईंच्या चालण्याची नक्कल करून दाखवत असे, राऊंडच्या वेळी त्या कशा मान पुढे काढून येतात तशी, आणि सगळ्या खाटांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. एकदा बाईंनीच ते दारातून पाहिले. वहिनी जराही घाबरली नाही, उलट तिने त्यांना विचारले, जमलं का बाई? हे मला कधीच कळले नव्हते. सांगता सांगता बाई हसल्या, भाची हसली, आणि मग त्या दोघीही रडल्या. आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. जिन्यावर भाची मला म्हणाली, “आत्या, पुढच्या रविवारी परत येऊ या. त्यांचं सांगून झालं नाही अजून.”

तेव्हापासून आम्ही जातो. बाई सांगतात. ज्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, ज्यांच्या घरच्यांनीही त्यांची नावे घ्यायचे सोडले, अशा कितीतरी माणसांचे हसणे, रुसणे, खाणेपिणे आज फक्त त्यांना आठवते. म्हणून बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळ्यांत आहे तेवढा उजेड टिकून राहो, आणि त्यांची स्मरणशक्ती अशीच लखलखीत राहो, ही इच्छा मी हात जोडून करते. ती माझ्या एकटीची नाही. एक मुलगी आपल्या आईला रविवारी रविवारी थोडी थोडी भेटते आहे. तिची भेट पुरी होईपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, बाई, तुम्ही आम्हांला हव्या आहात.