डेल्बर्ट कुचेराचं बीजगणित

नेब्रास्कातल्या विल्सी गावच्या कत्तलखान्यात डेल्बर्ट कुचेरा तेवीस वर्षं एकाच जागी उभा होता. डुक्कर मागच्या पायानं साखळीला टांगलेलं डुलत यायचं, डेल्बर्ट एकच वार करायचा, रक्ताची चिळकांडी उडायची आणि ती खाली पडायच्या आत दुसरं डुक्कर हजर. मिनिटाला दहा. माणूस म्हणाल तर अंगानं अस्सल बैल, आणि रागाचं विचारूच नका. गावातल्या तीन गुत्त्यांमध्ये त्याला मज्जाव होता, आणि चौथ्यात प्रवेश होता तो फक्त तिथल्या मालकाचं नाक त्यानंच एकदा मोडलं होतं, म्हणून भीतीनं. शाळा सुटली ती नववीत. बीजगणिताच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर 'ठोंब्या' म्हटलं, तर यानं बाक उचलून खिडकीतून बाहेर फेकला. मास्तर थोडक्यात वाचले.

असा हा माणूस एकावन्नाव्या वर्षी गावच्या कम्युनिटी कॉलेजात पुन्हा बीजगणित शिकायला जाऊन बसला. हौस म्हणून नव्हे. त्याचा उजवा हात सुरीच्या मुठीवर आवळला जायचा तो उघडतच नसे. सकाळी बायको गरम पाण्यात धरून एकेक बोट सोडवायची. डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक वर्ष सुरी धरलीस तर हा हात कायमचा गेला. कत्तलखान्यात सुरीविना जागा एकच, मांस थंड ठेवणाऱ्या अमोनियाच्या यंत्रघरातली, आणि तिथला म्हातारा नाताळानंतर घरी बसणार होता. अट एवढीच, की प्राथमिक बीजगणितात सत्तर गुण हवेत. पास होणारे दोघं निघाले तर ज्याची नोकरी जास्त वर्षांची, त्याला जागा.

आणि दोघं होतेच. दुसरा बून हॅस्किन. अडतिशीतला, लांबोडका, जिभेला हाड नसलेला. कत्तलखान्यात डेल्बर्टच्या आधीची जागा त्याची. डुकराच्या पायात साखळी अडकवायचं काम, आणि त्यात इतका ढिला, की मुकादमाला साखळीच हळू करावी लागे. मग डेल्बर्ट सुरी धरून उभा आणि तोंडानं शिव्यांचा पट्टा सुरू. पण वर्गात उलटं. समीकरण फळ्यावर पडायचा अवकाश, बूनचं उत्तर तयार. आठच वर्षं झालेली नोकरीला, तेव्हा जागा मिळायची तर डेल्बर्ट नापास व्हायलाच हवा, हे गणित बूननं पहिल्याच दिवशी सोडवून ठेवलं होतं.

वर्ग घ्यायच्या पोलबाई. साठीच्या, चिमणीएवढ्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस ताठ व्हावा. एकदा त्यांनी विचारलं, "एक माणूस एक काम चार तासांत करतो, दुसरा सहा तासांत. दोघांनी मिळून केलं तर किती वेळ? कुचेरा, तुम्ही सांगा."

डेल्बर्टनं क्षणभरही विचार केला नाही. "सहा तास."

"सहा? दुसरा माणूस मदतीला आला तरी?"

"मदत कसली, बाई? साखळी ढिल्या माणसाच्या चालीनं चालते. पहिला कितीही चपळ असला तरी उभाच राहणार."

सगळा वर्ग फिस्सकन हसला. बून तर बाकावर थापा मारून म्हणाला, "अरे कुचेरा, डुकरांत राहून राहून मेंदूही टांगलास की काय साखळीला?"

डेल्बर्ट उठला. बाक हातात येणार, एवढ्यात पोलबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या, त्याच्या बरगडीएवढ्या. "बसा खाली. इथं हात उचललात तर नाव कायमचं काढलं जातं. मग धरा सुरी."

डेल्बर्ट बसला. दात असे आवळले की दाढेचा टवका उडाला. वर्ग सुटल्यावर बाईंनी त्याला थांबवलं.

"साखळी एक नाही, कुचेरा. दोन आहेत, वेगवेगळ्या. गोठा मात्र एकच, तुम्ही एकटे तो चार तासांत रिकामा करता, तो एकटा सहा तासांत. तुम्ही एका तासात किती कापता?"

"चौथा हिस्सा."

"आणि तो?"

"सहावा. लेकाचा." मग तो खुर्चीत मागं रेलला. "म्हणजे तो माझ्या आड येतच नाही?"

"गणितात नाही."

दुसऱ्या दिवसापासून डेल्बर्ट डुकरं कापता कापता समीकरणं सोडवायला लागला. एका वाराला एक पायरी, पुटपुटत. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा डुकरांशी बोलतो.

डिसेंबर आला. पेपर गुरुवारी, दुपारी चार वाजता. पाळी अडीचला सुटायची. बुधवारी सगळ्यांच्या देखत बून म्हणाला, "उद्या साडेतीनला रुळापलीकडं ये, म्हाताऱ्या. की वही घेऊन पळणार?"

आता हे रुळापलीकडचं प्रकरण असं. कत्तलखान्याच्या फाटकाच्या आत हात उचलला तर नोकरी जाते, म्हणून सगळी भांडणं कुंपणामागच्या रेल्वे रुळापलीकडं मिटतात. बोलावल्यावर आलं नाही, तर माणूस संपला. आलेल्यांपैकी एक जण उठेनासा झाला, की भांडण मिटलं. समोरचा उठत असताना जो पाठ फिरवून निघतो तो हरला, आणि त्याच्या कत्तलखान्यातल्या कपाटात डुकराचे खूर टाकायला साऱ्यांना मोकळीक. तेवीस वर्षांत डेल्बर्टनं कधी पाठ फिरवली नव्हती.

बायको म्हणाली, "जाऊ नकोस. तुला कळत नाही का त्याचा डाव?"

"कळतो. म्हणून लवकर उरकतो."

साडेतीनला रुळापलीकडं चाळीस माणसं गोल करून उभी. जमीन गोठून लोखंड झालेली. डेल्बर्टचा पहिला ठोसा बूनच्या तोंडावर बसला आणि दोन दात बर्फावर पडले. बूननं रक्त थुंकलं नि थेट गुडघ्यावर लाथ घातली. म्हातारा गुडघ्यावर आला, बूननं नाकावर कोपर हाणलं. नाक मोडल्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचला. डेल्बर्टनं आंधळेपणानं त्याची कंबर धरली, उचलला आणि पाठीवर आपटला. मग दोघंही लोळले. एकाचा कान दुसऱ्याच्या दातात, दुसऱ्याची बोटं पहिल्याच्या डोळ्यात.

लोक ओरडत होते, "मोड त्याला! मोड!"

बूनला नेमकं तेच हवं होतं. डेल्बर्ट पालथा पडला तसा त्यानं त्याच्या उजव्या मनगटावर पाय रोवला आणि दुसऱ्या बुटाची टाच बोटांवर घातली. एकदा. पुन्हा एकदा. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"आता लिही," बून धापा टाकत म्हणाला. "लिही ना!"

डेल्बर्ट उठला तो गुरासारखा ओरडत. कपाळ सरळ बूनच्या भुवईवर हाणलं. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला, बून कोसळला. तरी हातावर जोर देऊन उठायला लागला. अजून दहा मिनिटं हाणला असता तर तो पुन्हा उठला नसता. डेल्बर्टनं पाय उचललाही. मग मागं वळून कुणालातरी विचारलं, "वाजले किती?"

"चारला दहा कमी."

डेल्बर्टनं पाय खाली ठेवला, बर्फात पडलेली टोपी डाव्या हातानं उचलली आणि निघाला. मागून हुर्यो झाली. "पळाला! कुचेरा पळाला!" बर्फाचे गोळे पाठीवर बसले, एकात दगडही होता. त्यानं वळून पाहिलं नाही. तेवीस वर्षांचं नाव रुळापलीकडं तसंच टाकून तो गाडीत बसला.

वर्गात शिरला तेव्हा पोलबाई पेपर वाटत होत्या. "अहो, हा हात! दवाखान्यात जा. पेपर जानेवारीत देता येईल."

"जानेवारीत जागा भरलेली असेल, बाई."

"पण लिहिणार कशानं?"

"दुसरा आहे की एक."

पाच मिनिटांनी बूनही आला, फाटक्या भुवईला कुणाचातरी मळका रुमाल दाबून. एका डोळ्यानं त्यानं डेल्बर्टच्या डाव्या हातातली पेन्सिल पाहिली आणि पेपर ओढून घेतला.

डावा हात म्हणजे काय, आयुष्यात त्यानं फक्त डुकराचा कान धरला होता. आकडे वांग्याएवढे येत होते. एका पानावर एकच समीकरण मावे. नाकातून थेंब पडून पानभर ठिपके झाले होते आणि बाई कोरे कागद ठेवत होत्या. उजवा हात मांडीवर सुजून पावासारखा झाला होता. नववा प्रश्न आला दोन रंगाऱ्यांचा. एक भिंत तीन तासांत रंगवतो, दुसरा सहा. डेल्बर्टनं तिसरा हिस्सा लिहिला, सहावा हिस्सा लिहिला, बेरीज केली आणि पुढं 'दोन तास' लिहून पेन्सिल इतक्या जोरात टेकली की टोक मोडलं. दातांनी लाकूड सोलून त्यानं दहावा प्रश्न घेतला. वेळ संपली तेव्हा वीसपैकी चार प्रश्न कोरेच राहिले होते.

निकाल पुढच्या मंगळवारी. डेल्बर्टचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्या चार दिवसांत त्याच्या कपाटातून सतरा खूर निघाले होते.

पोलबाईंनी कागद पालथा ठेवला. त्यानं उलटला. एकाहत्तर.

मागून येऊन बूननं तो वाचला नि त्याचा चेहराच उतरला. "हात मोडला होता मी तुझा! दोनदा टाच घातली होती!"

"त्या हातानं सोडवलंच कुठं मी?" डेल्बर्ट म्हणाला.

बूननं भिंतीवर अशी मूठ घातली की चुन्याचा पोपडा खाली आला. "तुझ्यापुढं मी कुठंच जात नाही का, म्हाताऱ्या?"

"हॅस्किन," पोलबाई म्हणाल्या, "आधी स्वतःचा कागद तरी बघा."

त्यानं पाहिला. पंच्याण्णव. एका डोळ्यानं लिहिलेला. भिंतीवर सोललेल्या बोटांनी त्यानं कागदाचा कोपरा धरला होता, तो कोपरा लाल झाला.

"याच्या पुढचा वर्ग असतो का?" त्यानं विचारलं, कुणावर तरी ओरडल्यासारखं.

"जानेवारीत सुरू होतो."

"कुठल्या खोलीत?"

आता डेल्बर्ट यंत्रघरात अमोनियाचा दाब वाचतो आणि दोन बोटं वाकडी ठेवून कॉफीचा कप धरतो. बूनला त्याची सुरी मिळाली. दिवसभर गळे चिरून तो संध्याकाळी पुढच्या बीजगणिताला जातो. वर्गातला सगळ्यांत हुशार म्हणतात त्याला. पण मोडलेल्या बोटांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्यानं त्याच्या शेजारच्या बाकावर अजून कुणी बसलेलं नाही.