परत आल्यावर मागायची चावी

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला पहिला शनिवार, सकाळचे सहा. रक्कम तीन हजार रुपये. हजर: मी, बायको सुनंदा, नऊ वर्षांची ओवी, पाच वर्षांचा आर्य आणि पैसे पुढे करणारे आमचे शेजारी साळवे काका. नागपूरला निघालेली आमची गाडी दारात उभी होती.

"काका, पैसे कसले? घरचेच आहात तुम्ही," मी म्हणालो.

काकांनी नोटा माझ्या खिशात कोंबल्या. "जिंदगीभर एसटीत कंडक्टरकी केली, साहेब. बिनतिकीट माणसं उतरवलीत म्या. आता सोता बिनतिकीट बसू का?"

त्यांनी आमच्याबरोबर यावे म्हणून वर्षभर खटपट चालली होती. आमची कॉलनी नवीन जालन्यात आहे. घरे थोडी, कुणी बँकेत, कुणी बियाणे कंपनीत, कुणी शिक्षक. मे महिन्यात आणि दिवाळीत सगळे कुठे ना कुठे जातात. कुणी भोकरदनला गावी, कुणी फिरायला. जाताना घराची चावी साळवे काकांकडे. त्यांच्या जुन्या चामडी कंडक्टर-बॅगेत, जिथे पूर्वी सुटे पैसे वाजायचे, तिथे आता चाव्या वाजत. परत आले की काका चावी काढत, पण लगेच हातात देत नसत. "काय काय पाह्यलं?" असे विचारत. मुलांनी सगळे सांगितल्यावरच चावी मिळे.

काका स्वतः कुठेच जात नसत. पत्नी शांताबाई वारल्या होत्या. एकुलती मुलगी रेखा पिंपरीत, तिचा संसार आणि नोकरी. एका मेमध्ये आर्यला ताप आला म्हणून आम्ही ठरल्यापेक्षा आधी परतलो. दिवेलागणीची वेळ. कॉलनीत शिरलो तर प्रत्येक घराच्या व्हरांड्यातला दिवा लागलेला. मला वाटले, सगळेच परत आले. जवळ गेल्यावर दिसले, प्रत्येक दाराला कुलूप आहे. काका आपल्या पायरीवर ताटली घेऊन भाकरी खात बसले होते. मी विचारायच्या आत म्हणाले, "दिवे लावले की वाटतं, समदे हायेत घरात."

सुनंदा त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केले, पुढच्या मेमध्ये काका आपल्याबरोबर येणार.

"न्हाई ताई. मंग चाब्या कोण सांभाळंल?" हे काकांचे ठरलेले उत्तर. शेवटी ओवीने तोडगा काढला, "आजोबा, चाव्या गाडीत घेऊन चला ना!" मी प्रत्येक घरी फोन करून विचारले. कुणाची हरकत नव्हती. अशी ती बॅगही आमच्याबरोबर निघाली.

निघताना काकांनी आपल्या दाराला कुलूप लावले आणि चावी हातात धरून उभेच राहिले. बॅगेत टाकेनात. मग ती ओवीकडे दिली.

"ही तुझ्यापाशी ठेव."

"पण तुम्ही आमच्यासोबतच आहात!"

"असू दे. परत आल्यावर तुला मागून घेईन."

गाडीत ते मागे, डाव्या दाराशी बसले. आधी डोकी मोजली, मग खिशातल्या नाण्याने काचेवर दोनदा टकटक केले. "डबल! चला." आर्यला हा खेळ फार आवडला. पुढे एकदा टकटक करून थांबायची सिंगल दिल्याशिवाय त्याने मला चहालाही थांबू दिले नाही.

मी समृद्धी महामार्ग धरला होता. तासभर काका बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, ह्या रस्त्याला गावंच न्हाईत. बसायला कोण येईल?"

अमरावतीला आम्ही वाट वाकडी करून थांबलो. तिथल्या बागेत मुलांची छोटी आगगाडी होती. तिकीट मी काढले. काकांनी ते उलटसुलट पाहिले आणि घडी करून खिशात ठेवले. म्हणाले, "दुसऱ्यानं फाडलेलं तिकीट लई दिसांनी हातात आलं." नागपूर त्यांना पाठ असेल असे मला वाटले होते. विचारले तर म्हणाले, "पाह्यलंय की. डेपो, रेस्ट रूम अन् त्याच्यासमोरची चहाची टपरी." पेंचच्या जंगलात उघड्या जीपमधून सकाळभर हिंडलो. हरणे दिसली, मोर दिसले, वाघ काही दिसला नाही. आर्य रडवेला झाला. काका त्याला म्हणाले, "वाघाची आज वीकली हाय, बाळा. उद्या येईल ड्यूटीवर."

नागपुरात शेवटच्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलो. गर्दी नव्हती. हात जोडून झाल्यावर काका झाडाखाली बसले. मुले पुढे पळाली, सुनंदा त्यांच्यामागे गेली.

"दसऱ्याला दरसाल जादा गाड्या घेऊन आल्तो इथं," ते म्हणाले. "पण ध्यान समदं गाडीकडं. कोण चढलं, कोण ऱ्हायलं. शांता बी एकदा आल्ती माझ्याच गाडीत. जागा मिळाली तिला पार मागं. तिकीट म्याच फाडलं. एका गाडीत आलो साहेब, पण संगं न्हाई आलो."

 

परतताना त्यांच्यासाठी जुना रस्ता घेतला. आता काका बोलते झाले. प्रत्येक फाट्याचे नाव, कुठल्या गावचा मास्तर रोज गाडी थांबवून ठेवायचा, सगळे सांगत होते. मेहकरला म्हणाले, "सिंगल मारा. इथं माझ्या वळखीचा चहावाला हाय." त्या जागी मोबाइलचे दुकान होते. काका स्टँडभर फिरून आले. कुणी त्यांना ओळखले नाही. गाडीत बसून त्यांनी स्वतःच डबल दिली.

कॉलनीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. एकही दिवा नव्हता. त्यांच्याशिवायची कॉलनी आम्ही प्रथमच पाहत होतो. काका आपल्या फाटकाशी गेले आणि ओवीपुढे हात केला. ओवीने चावी मुठीत घट्ट धरली आणि विचारले, "आजोबा, काय काय पाह्यलं?"

चार दिवस जी मुलगी त्यांच्या शेजारी बसून होती, तिला त्यांनी फाटकाशी उभे राहून सगळा प्रवास सांगितला. आगगाडी, मोर, रजेवर गेलेला वाघ, मेहकर. आर्य माझ्या खांद्यावर झोपून गेला तरी सांगत होते. मग चावी घेतली, बॅग खांद्याला अडकवली आणि घराघरांतले दिवे लावत गेले. आठवडाभरात त्यांनी आपल्या चावीची दुसरी चावी करून आणली आणि ओवीला दिली. "ही कायम तुझ्यापाशी."

त्यानंतर दोन मे ते आमच्याबरोबर आले. मागच्या थंडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात नेले, दुसऱ्या दिवशी गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर रेखाताईंनी बॅगेत लोकांनी कायमच ठेवलेल्या जादा चाव्या ज्याच्या त्याला परत केल्या. घर विकायचे त्यांनी अजून ठरवलेले नाही. जाताना त्यांनी दाराला कुलूप लावले. ओवीने आपली चावी पुढे केली. रेखाताईंनी तिची मूठ मिटवली.

"राहू दे बाळा. मी आले की तुला मागीन."

त्या अजून आलेल्या नाहीत. ओवी रोज दिवेलागणीला जाऊन काकांच्या व्हरांड्यातला दिवा लावते, सकाळी शाळेत जाताना बंद करते. आम्ही कुणी तिला सांगितलेले नाही. त्या रिकाम्या घराचे गेल्या महिन्याचे बिल एकशे अठ्ठेचाळीस रुपये आले. ते मी वीज कार्यालयाच्या खिडकीवर भरले. पावती साळवे काकांच्याच नावाची आहे.