दुभाष्याची खुर्ची

ओडिलिया बारागानच्या कचेरीतल्या कपाटात चौदा कोऱ्या करकरीत प्रवासी बॅगा होत्या. आईबापांपासून काढून कोर्टाने परक्यांच्या घरी ठेवलेली मुलं घर बदलतात तेव्हा त्यांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून देतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती स्वतः अशा चार घरांतून वाढलेली. फ्रेझ्नोजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात अशा मुलांची आणि अपंग विद्यार्थ्यांची सोय बघणारी कचेरी होती. तिथे तिची बावीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत नियमाबाहेर तिने कुणाला पेन्सिलसुद्धा दिली नाही, बॅग तर नाहीच. "मला कुणी सूट दिली नव्हती," असं ती येता-जाता म्हणे. मुलं तिच्या पाठीमागे तिची नक्कल करत, आणि हुबेहूब करत.

सप्टेंबरच्या बारा तारखेला वॉरेन तणतणत आला. वॉरेन खुणांच्या भाषेचा दुभाषी. शरीररचनेच्या वर्गात डेनिका नावाच्या बहिऱ्या मुलीसमोर बसून सरांचं बोलणं तो हातांनी सांगे.

"परवा नाही, आज नाही! वीस मिनिटं रिकाम्या बाकाकडे बघत बसलो, बाई. पोरं विचारतात, काका, तुम्ही नक्की कुणाचे?"

"तिने कळवलं नव्हतं?"

"कळवलं असतं तर इथे बोंबलत आलो असतो का मी?"

नियम पाठच होता. न कळवता दोन दांड्या झाल्या की दुभाषी बंद. विद्यार्थ्याने दहा दिवसांत येऊन सही केली तर पुन्हा चालू, नाहीतर डिसेंबरपर्यंत विसरायचं. डेनिकाला नर्स व्हायचं होतं, आणि या एका विषयात नापास झाली तर पुढचं दार बंद होतं. ओडिलियाला हे ठाऊक होतं. तिने मेसेज केला, तो नंबर बंद. मुलं कॉलेजची मेल उघडत नाहीत, म्हणून असं महत्त्वाचं टपालानेच पाठवायचं, हाही नियमच. तिने फाइल काढली, पत्ता उतरवला, सही ठोकली आणि पत्र टाकलं.

दहा दिवस कुणी फिरकलं नाही. अकराव्या दिवशी वॉरेनला दुसऱ्या कॉलेजाने डिसेंबरपर्यंत घेतलं. बाराव्या दिवशी पत्र परत आलं. वर पिवळी पट्टी चिकटवलेली, 'इथे राहत नाही.'

ओडिलियाने फाइल पुन्हा उघडली. पत्त्याच्या वरच्याच ओळीत जन्मतारीख होती. नऊ सप्टेंबरला पोरीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती, आणि अठरा झाली की कोर्टाने दिलेलं घर सुटतं. पहिली दांडी दहाची. पत्ता परक्या घरचा, फोनही त्याच घरच्या बाईच्या नावावरचा. ओडिलियाच्या अठराव्या वाढदिवसाला सकाळी केक होता आणि संध्याकाळी काळी पिशवी पायरीवर होती. साऱ्या कॉलेजात ही तारीख वाचता येणारी बाई एकच होती, आणि तिने नेमका तेवढा पत्ताच वाचला. असल्या हुशारीला काय जाळायचं?

ती वर्गाकडे धावली. डेनिका पहिल्या बाकावर होती. पायाशी काळी पिशवी. फळ्याशेजारी वॉरेनची खुर्ची तशीच रिकामी, आणि सर वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलत होते. डेनिका मान वाकडी करून त्यांच्या गालाची हालचाल बघत होती.

वर्ग सुटल्यावर दोघी जिन्यात बसल्या आणि वहीवर बोलल्या.

"कुठे होतीस, पोरी?"

"मैत्रिणीकडे सोफ्यावर झोपते. लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. पहिले दोन दिवस बसचं जमलं नाही. मग रोज आलेय."

"रोज? मग वॉरेन येत नाही हे सांगायला कचेरीत का नाही आलीस?"

डेनिकाने तिच्याकडे असं बघितलं, की या बाईला एवढंही कळू नये!

"मी चुकले म्हणून काढून घेतला ना? विचारायला गेलं की आणखी काहीतरी जातं."

ओडिलियाला रडू फुटलं. चार घरांत ती स्वतः हेच शिकली होती. डोळे पुसून तिने लिहिलं, "तो आता डिसेंबरपर्यंत येऊ शकत नाही. दुसरा कुणी नाही इथे. चूक माझी आहे, तुझी नाही."

डेनिकाने ते दोनदा वाचलं. "चालेल, मॅडम. सर वळतात तेव्हा थोडं कळतं."

ओडिलिया कचेरीत गेली आणि कपाटातली सगळ्यांत मोठी बॅग घेऊन आली. डेनिकाने बॅगेला हात लावला नाही. तिने आधी वही पुढे ओढली.

"बॅगेसाठी सही कुठे करायची?"