आयफेलमधली आफ्रिका

वाघ मी आयुष्यात एकदाच पाहिला. पुण्यात नदीकाठी सर्कस आली होती तेव्हा. आणि तोसुद्धा सगळा वेळ जांभया देत होता. बॉनमध्ये मात्र ही गोष्ट मी कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. माझ्या घरमालकीणबाईंना तर नेमकं उलट सांगून ठेवलं होतं.

बाई विधवा होत्या, साठी ओलांडलेल्या. चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी, उजवा खुबा दुखरा, म्हणून हातात लोखंडी टोकाची काठी. वरची खोली त्यांनी मला दिली होती. मी तेव्हा रंगांच्या रसायनांवर पीएच.डी. करत होतो. म्हणजे दिवसभर परीक्षानळ्या फोडायच्या आणि रविवारी दुपारी बाईंकडे कॉफी-केकला जायचं. केकच्या बदल्यात हिंदुस्थानच्या गोष्टी द्याव्या लागत. साप संपले, हत्ती संपले, तेव्हा एका रविवारी चेरीच्या केकचा दुसरा तुकडा पुढे आला आणि मी सांगून टाकलं, आमच्या सदाशिव पेठेत मागच्या अंगणात हौदावर वाघ पाणी प्यायला येत असे.

"आणि तुम्ही काय करायचात, हेर डॉक्टर?" पदवी मिळायच्या आधीच त्या मला 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत.

"काही नाही. तो जाईपर्यंत धुणी वाळत घालायचं थांबायचो."

थाप थाप म्हणून ती ठीकच होती. ती पुढे कुठवर चालत जाईल हे मला कळलं नाही, एवढंच.

बाईंना आफ्रिकेला जायचं होतं. लहानपणी घरात कोकोचा एक डबा होता, त्यावर हत्ती होता. "तो हत्ती मला मरायच्या आधी डब्याबाहेर बघायचाय," असं त्या म्हणत. मधे एक लढाई गेली, नवरा गेला, मग दुसरी लढाई गेली, घर गेलं, पुन्हा उभं राहिलं. डबा केव्हाच हरवला, हत्ती राहिला. आणि आता आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या राइझेब्युरोच्या, म्हणजे प्रवास-कचेरीच्या, काचेत चित्र लागलं होतं: दक्षिण आफ्रिकेची सहल, सोबत मार्गदर्शक, सकाळी गोल्फ, दुपारी सिंह. लोकांच्या हातात नुकताच पैसा खेळू लागला होता. ज्यांना दहा-बारा वर्षांपूर्वी बटाटा मिळत नव्हता ते आता सिंह बघायला निघाले होते.

अडचण अशी की कचेरीच्या मालकांना बाई नको होत्या. "सफारी म्हणजे ऱ्हाइनकाठचा फेरफटका नव्हे," असं त्यांनी काठीकडे बघत तोंडावर सांगितलं. पण बाई हटेनात. तेव्हा मालकांनी तोडगा काढला. जूनमध्ये निघायचं, तर मार्चमध्ये बॉनजवळच्या आयफेलच्या डोंगराळ जंगलात सगळ्यांनी एक सराव-सफारी करायची. जो न थांबता, न कुरकुरता पुरी करेल तो आफ्रिकेला जाईल. बाईंनी ते लगेच कबूल केलं, आणि वर म्हणाल्या, "माझ्याकडे वाघांमध्ये वाढलेला माणूस आहे. तोच घेईल सराव."

मालकांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही जंगलात वाढलात म्हणे?"

"जंगलाच्या कडेला," मी विनयाने म्हणालो.

"छान. भारत काय, आफ्रिका काय, जंगल ते जंगल."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. मग जरा धीर आला, म्हणून विचारलं, "मग जूनमध्ये मलाही नेणार का?"

मालक हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिले. "तिथे... आल्झो, म्हणजे असं की, तिथे तुमची जरा अडचण होईल." मला वाटलं, व्हिसाची.

सरावाच्या आदल्या दिवशी बाईंनी मला जिन्यात गाठलं. "हेर डॉक्टर, मी मागे पडले तर मालक मला तिथल्या तिथे यादीतून खोडणार आहेत. तुम्ही फार भरभर नका जाऊ हं." मी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

बस जंगलाच्या तोंडाशी एका खाणावळीपाशी थांबली. बर्फ नुकतंच वितळलेलं, जमीन लोण्यासारखी. आम्ही दहाएक जण होतो: मालक, बाई, एक दातांचे डॉक्टर आणि बाकीची गोल्फवाली मंडळी. दातांचे डॉक्टर जाडजूड, लालबुंद, मोठ्याने हसणारे. त्यांनी गोल्फची एक काठीसुद्धा आणली होती. "सिंह आला तर टोलवीन!" म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर बसचा दांडा धरून हसले.

खाणावळवाली बाहेर आली. हात पुसत, सावकाश, मला परदेशी समजून प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "पांढरे दगड लावलेत, तीच वाट. ओढ्यापलीकडे जायचं नाही."

"जा, जा," मी म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो.

इथे मला थोडी आमच्या गावाची बाजू मांडली पाहिजे. पुण्याचा माणूस पाट्यांवर वाढतो. येथे सायकल लावू नये, दुपारी कडी वाजवू नये, उगाच चौकशी करू नये. त्या सगळ्या पाळायच्या तर घराबाहेर पडायलाच नको. त्यामुळे कुणी काही 'करू नये' म्हटलं की आमच्या कानांना आपोआप झापडं लागतात. त्यात जर्मनीत येऊन पडलो. रविवारी गालिचा झटकायचा नाही, हिरवळीवर बसायचं नाही, जिन्यात शिट्टी वाजवायची नाही. तेव्हा ओढ्यापलीकडे जायचं नाही हे मी त्यातच जमा केलं आणि विसरलो.

नियम मी स्वतःचे केले. एकामागे एक चालायचं. बोलायचं नाही. आणि पुढच्याने जिथे पाऊल टाकलं नेमकं तिथेच मागच्याने टाकायचं. "का?" मालकांनी विचारलं. का ते मलाही माहीत नव्हतं. "वाघाला वाटतं की एकच माणूस गेला," मी म्हणालो. मालकांनी मान डोलावली. वाघाला एकच माणूस खायला मिळाला तर तो खूश का होऊ नये, हे कुणीच विचारलं नाही.

पांढऱ्या दगडांची वाट म्हणजे फजितीच होती. दर शंभर पावलांवर बाक. समोरून एक जोडपं बाबागाडी ढकलत आलं आणि आमच्या मुक्या रांगेला 'गूटन टाग', म्हणजे नमस्कार, म्हणून गेलं. दातांचे डॉक्टर फिसकन हसले. मालकांच्या कपाळावर आठी पडली. आफ्रिका हातची चालली होती, आणि नेमका तेव्हा डावीकडे ओढा दिसला. पलीकडे दाट, ओलं, कुणी नसलेलं रान. काठाच्या चिखलात एक गंजका पत्रा उपडा पडला होता. त्यावर पाय देऊन मी ओढा ओलांडला. मागे एकेक पाय त्याच पत्र्यावर वाजला. सर्वांत शेवटी काठीचं टोक वाजलं.

पलीकडे लगेच गार वाटलं. झाडं सगळी एकाच वयाची, कोवळी, मनगटाएवढी. मधे मधे एखादं जुनं खोड, पण त्याला शेंडा नाही. कुणीतरी वरून मोडून नेल्यासारखं. एका खोडात लोखंडाचा तुकडा रुतला होता आणि साल त्याच्यावर ओठासारखी वाढली होती. पक्ष्यांचा आवाज मागे, ओढ्याच्या त्या बाजूला राहिला. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं म्हणजे, खूश झालो. "याला सव्हाना म्हणतात," मी कुजबुजलो. सव्हाना म्हणजे गवताचा मोकळा माळ, हे मला पुढे कळलं.

थोडं पुढे हरणाचा सांगाडा पडला होता. पुढचा भाग नीट, जणू झोपलंय. मागचे पाय नाहीत. एक हाड तर लांब झुडपात अडकलेलं. मी हात वर करून रांग थांबवली. आयुष्यात असा क्षण पुन्हा आला नाही.

"बिबट्या," मी म्हणालो. "तो नेहमी मागच्या पायांपासून सुरुवात करतो."

"आयफेलमध्ये बिबट्या?" रांगेच्या टोकाकडून बाईंचा आवाज आला.

"समजा, असं म्हणतोय मी."

मालक वाकून सांगाड्याकडे बघत होते. दातांचे डॉक्टर हसले नाहीत. ते त्या झुडपातल्या हाडाकडे बघत होते, आणि मग खाली, स्वतःच्या बुटांकडे. पण पुढे रान मोकळं झालं आणि शेवाळाची एक सपाट, हिरवीगार जागा समोर आली, अगदी गोल्फच्या मैदानासारखी. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, एक टोला!" माणसाला लोक बघत असले की राहवत नाही. हे मला कुणी सांगायला नको. त्यांनी खिशातून चेंडू काढला, रांग सोडली आणि टोलवला. चेंडू शेवाळावरून छान घरंगळत गेला. ते त्याच्यामागे गेले, आठ-दहा पावलं, आणि थांबले.

एक पाय उचललेला होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. मागे नेला, सावकाश, आणि जिथून उचलला होता तिथेच टेकवला.

"कुणीही हलू नका."

आवाज मोठा नव्हता. पण तो बसमधल्या माणसाचा नव्हता. आणि मी रांगेकडे वळून पाहिलं तर जे दिसलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. रांगेतले पुरुष, म्हणजे ते विम्याचे, कारखान्याचे, पोट सुटलेले, टोप्या घातलेले पुरुष, सगळे एकदम ताठ उभे होते, कोपर अंगाला लावून. कुणी 'काय झालं' विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. एवढ्या लोकांत ठाऊक नसलेला मी एकटा, आणि पुढे मी होतो.

"सुरुंग," मालक ओठ न हलवता म्हणाले. "लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यातले." तेव्हा मी हरणाकडे पुन्हा पाहिलं.

दातांचे डॉक्टर स्वतःच्या पावलांत पाऊल टाकत, उलटे, न वळता परत आले. इतका जाड माणूस इतका हलका चालताना मी पाहिला नव्हता. ते कुठे शिकले, कुणी विचारलं नाही. त्या काळी असं कुणी कुणाला विचारत नसे.

"जागच्या जागी वळा," ते म्हणाले. "आलो त्याच पावलांतून परत. एकाच पावलांचा माग आहे, देवाची कृपा."

देवाची नव्हती, माझी होती. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

सगळे वळले, आणि रांग उलटी झाली. मी, वाघांमध्ये वाढलेला, सर्वांत शेवटी गेलो. आणि सर्वांत पुढे आल्या बाई.

मालकांच्या तोंडून नकळत निघालं, "ती? तिला दिसत नाही!"

"मग तुम्ही या पुढे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पण रांगेबाहेरून यावं लागेल."

बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला, आणि निघाल्या. चिखलात पावलं स्पष्ट होती. त्या एकेक पाऊल बघून, काठीने चाचपून टाकत होत्या, आणि आम्ही सगळे त्यांच्या खुब्याच्या चालीने चालत होतो. मग पाइनच्या सुयांचा पट्टा आला. जाताना तो लक्षातही आला नव्हता. जाड, कोरडा थर, त्यावर पाऊल उमटलेलं नाही.

बाई थांबल्या. रांग थांबली. माझ्या समोरच्या माणसाच्या मानेवर घाम उतरताना मला दिसत होता.

"बाई?" दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले.

"घाई करू नका माझी," बाई म्हणाल्या. "सकाळपासून तेच चाललंय."

त्या खाली वाकल्या, खुबा धरून, फार खाली. आणि मग त्यांनी काठीचं टोक सुयांत एका जागी घातलं. ते अलगद आत गेलं. तिथे आधीच भोक होतं. पुढे दुसरं. येताना प्रत्येक पावलाला त्या काठीवर रेलल्या होत्या. ज्या काठीवरून मालकांनी कचेरीत नाक मुरडलं होतं तिनेच सुयांच्या थराला शिवण घातली होती. बाई भोकात भोक घालत गेल्या आणि त्या जिथे पाय ठेवत नेमका तिथेच आम्ही पाय टाकत गेलो.

ओढ्याशी त्यांनी काठीने तो पत्रा उलटा केला. खाली चेहरा होता: कवटी, दोन हाडं, आणि एकच शब्द. मी त्याच्या पाठीवर पाय देऊन दहा माणसं आत नेली होती.

खाणावळवालीने आमच्या बुटांच्या मातीकडे पाहिलं आणि काही न विचारता प्रत्येकापुढे एकेक पेला ठेवला. बॉन जवळ आलं तेव्हा मालक उठून बाईंपाशी गेले.

"तुमची जागा पक्की."

"आणि काठीची?"

"काठीचीही."

माझ्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. मला वाटतं, तेच बरं होतं.

जूनमध्ये बाई गेल्या. जुलैतल्या एका रविवारी केक कापायच्या आधीच त्यांनी फोटो मांडले. हत्ती होता, डब्याहून मोठा. "मार्गदर्शक मला सारखा हसायचा," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याच पावलांत पाऊल टाकायचे. सवय जाईना." मग शेवटचा फोटो पुढे सरकवला. गोल्फ क्लबचा व्हरांडा, दातांचे डॉक्टर काठी टेकून उभे, शेजारी आमच्या बाई आपली काठी टेकून, आणि दोघांच्या मधे, दाराच्या बाजूला, एक पाटी. इंग्रजीत, सुबक अक्षरांत: आत फक्त गोऱ्यांना.

माझ्या आयुष्यात मी शब्दन् शब्द वाचलेली ही पहिली पाटी. मालकांची पेन्सिल मला तेव्हा आठवली.

"पुढच्या वेळी तुम्ही चला माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. माझी नजर कुठे खिळलीय ते मात्र त्यांना त्या चष्म्यातून दिसलं. "काय लिहिलंय तिथे?"

"तिथे? हिरवळीवरून चालू नये."

बाईंनी केकचा तुकडा माझ्या ताटलीत घातला.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "ही तरी पाळा."